तळ्याच्या तळाशी थांबलेल्या मरळी

या डोंगरांत माणसाचं पाऊलही पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एक तळं आटत चाललं होतं. तिथल्या मरळ माशांची जुनी रीत होती. पाणी कमी झालं की चिखलात शिरायचं, वेटोळं करून तोंड वर ठेवायचं, आणि ढग गडगडेपर्यंत कुणाच्याही हाकेला हलायचं नाही.

त्या उन्हाळ्यात एक खेकडी ओलावा शोधत फार खोल गेली आणि घाईघाईने वर आली.

"थोरल्या काकू, सगळ्यांना घेऊन पळा! गवतावर दव आहे तोवर सरपटत नदी गाठता येईल."

"झालं तरी काय?" थोरल्या मरळीने विचारलं.

"खाली आधी काळा गाळ लागतो, पावसाने आणलेला. त्याखाली नुसती पिवळी धूळ. मी खणून खणून दमले, तेव्हा कुठे ती संपली. एवढी धूळ साचायला किती वर्षं पाऊस पडला नसेल?"

"घाबरट कुठली! आमचे वाडवडील असेच चिखलात निजायचे. पाणी आलं की उठायचे."

"ते भेटले मला, काकू," खेकडी म्हणाली. "त्या धुळीखाली. अजून वेटोळं करूनच आहेत, तोंडं वर. नुसते काटे."

थोरली गर्रकन वळली. तिची पिल्लं केव्हाच चिखलात शिरली होती. त्यांच्या भोकांवर वाऱ्याने आणलेली पिवळी धूळ बसत होती.

तिने जिवाच्या आकांताने हाका मारल्या.

एकही पिल्लू हललं नाही. तिनेच तसं शिकवलं होतं.