जागल्याचा पत्ता

दोष उपळेकर सरांचा. इंटरनेटचा नाही, पोलिसांचा नाही, आणि भिकोबा महाराजांचा तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण म्हातारी माणसं स्वतःच्या करणीचं खापर कशावरही फोडतात. हल्ली मोबाइलवर फोडतात.

“पण महाराज, नुसत्या नंबरावरून माणूस सापडतो का?” सर विचारत होते.

“कुठल्या नंबरावरून?”

“तो आयपी ॲड्रेस का काय म्हणतात, त्यावरून.”

“कोण हरवलंय?”

“हरवलं नाही कोणी. उलट…”

“सापडू नये असं आहे?”

सरांनी चष्मा काढून पुसला.

कातळवाडीच्या मठाच्या ओसरीवर भिकोबा महाराज मांडी घालून वालाच्या डाळिंब्या सोलत होते. सर समोर खुर्चीवर. खाली बसायचं नाही हा त्यांचा नेम होता. कारण गुडघ्याचं सांगत.

“माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे,” सर म्हणाले.

“असं होय. बरा आहे का मित्र?”

“तसा बरा आहे.”

मित्र कसला नि काय. पस्तीस वर्षं हेडमास्तरकी केलेला हा माणूस. त्यांच्या शाळेतून जेवढी पोरं शिकून बाहेर पडली, त्याहून जास्त नुसतीच बाहेर पडली. त्याचं सरांना कधी काही वाटलं नाही. त्यांना वाटायचं ते एवढंच, की जुने महाराज गेले आणि जाताना गादी कुणाला देऊन गेले? भिकू लाइनमनला. शाळेसमोरच्या टेलिफोनच्या खांबावर जो माकडासारखा चढायचा, तो आता वर बसून प्रवचन करणार आणि दोन पदव्या घेतलेले उपळेकर सर खाली बसून ऐकणार!

खाली म्हणजे खुर्चीवर. पण तरी.

पुढे मठाची प्रवचनं मोबाइलवर थेट दिसायला लागली आणि सरांना वाट सापडली. त्यांनी एक खोटं खातं काढलं. नाव ‘जागल्या’. फोटो सिंहाचा. प्रवचन सुरू झालं की हा जागल्या खाली एकेक वाक्य टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य सगळ्या तालुक्याच्या तोंडी असायचं. पाच महिने हे चाललं.

इथवरही ठीक होतं. भेकड माणसं असतातच जगात. पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं झालं. मठाच्या विश्वस्तांची बैठक होती. चिटणीस पोपटशेठ, सिमेंटवाले, म्हणाले, “जाऊ द्या हो, दुर्लक्ष करा.” तर टेबलावर मूठ कुणी आपटली? सरांनी.

“असला भेकड शोधून काढलाच पाहिजे! तक्रार मी स्वतः लिहितो!”

लिहिली. तीन पानं. पोलिसांत दिली. सगळ्यांना वाटलं, केवढी ही मठाची कळकळ. इतकी वाटली की मठाच्या अध्यक्षपदासाठी एकच नाव पुढे आलं. वीस वर्षं सर या एका पदासाठी झुरत होते. आज दुपारी तीनला निवड. त्यासाठी नवं जाकीट शिवून घेतलेलं, तेही आत्ता अंगावर होतं.

आणि आजच सकाळी कुणीतरी त्यांना सांगितलं, की कितीही काळजी घेतली तरी इंटरनेटवर लिहिणाऱ्याचा नंबर पोलिसांना मिळतो.

“तुमचा बिल्ला बघू,” महाराज म्हणाले.

“कसला?”

“चपलांचा.”

मठाच्या पायथ्याशी चपलांचा स्टँड आहे. चपला दिल्या की पत्र्याचा बिल्ला मिळतो. सरांनी तो खिशातून काढला. एकेचाळीस.

“हा तुमचा आयपी ॲड्रेस.”

“हा?”

“चपला परत हव्यात ना? मग नंबर नको? मोबाइलवर साधा फोटो बघायचा म्हटलं तरी तो फोटो कुठे पाठवायचा ते पलीकडच्याला कळावं लागतं. पत्ता दिल्याशिवाय उत्तर येत नाही, सर. मी तीस वर्षं खांबावर काढली. तारेचं हे एवढं एकच खरं.”

“म्हणजे एकेचाळीस म्हटलं की मीच?”

“आज तुम्ही. काल कोणी दुसरं होतं. उद्या तिसरं असेल. नंबर फिरत असतो. पण कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाला दिला, ते स्टँडवाला लिहून ठेवतो.”

“स्टँडवाला म्हणजे?”

“इंटरनेटची कंपनी. तुम्हा-आम्हाला नाही सांगायची. पोलिसांचा कागद आला की सांगते.”

सरांनी रुमाल काढला. कपाळ पुसलं. मान पुसली.

“आणि ते परदेशातून फिरवून आणतात म्हणे…”

“म्हणजे आपल्या चपला शेजाऱ्याच्या पिशवीत घालायच्या. स्टँडवाल्याला शेजारी दिसतो. पण शेजाऱ्याला तुम्ही दिसताच की.”

“नाही, ते मित्रानं केलेलं नाही.” सरांनी आवाज खाली आणला. “त्यानं काय केलं, की घरून कधीच लिहिलं नाही. इथून लिहिलं. मठाच्या वायफायवरून. गर्दीत बसून.”

महाराजांच्या हातातली डाळिंबी थांबली.

“मित्र हुशार आहे.”

“हुशारच आहे!” सर पटकन म्हणाले.

“भोसे गावची मंडळी येतात बघा दर शनिवारी. वीस जणांच्या चपला एका पोत्यात आणि बिल्ला एक. स्टँडवाल्याला पोतं कुणाचं ते ठाऊक. आतली कुठली चप्पल कुणाची, ते नाही. आपलं वायफाय म्हणजे ते पोतं. बाहेरून बघणाऱ्याला नंबर दिसेल तो मठाचा.”

“आणि आतला माणूस?”

महाराजांनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथे वायफायची डबी लुकलुकत होती. कुणीतरी तिला कुंकू लावून ठेवलं होतं.

“असलाच तर तिला ठाऊक. पण ती साधीसुधी आहे. लाइट गेली की सगळं विसरते.”

“लाइट तर इथे रोज जाते!”

लाइट जाण्याचा एवढा आनंद अख्ख्या तालुक्यात कुणाला झाला नसेल.

“मग मित्राला सांगतो, निर्धास्त राहा.”

“सांगा.”

सर उठले. जाकीट खाली ओढून नीट केलं.

“सर…”

“काय?”

“झोप लागते का त्याला?”

“कुणाला?”

“मित्राला.”

सर तोवर ओसरीची पायरी उतरले होते.

बाराला पंगत बसली. महाराज पंगतीतच, भोशेकरांच्या शेजारी. सर टोकाला, खुर्चीवर, मांडीवर ताट. सुंद्राक्का वाढत होत्या. मठाचं स्वयंपाकघर त्यांच्या हुकमावर चालतं. सगळ्या मठात सरांना न घाबरणारी ती एकटी बाई.

पोपटशेठ मोबाइल नाचवत आत आले.

“पोलीस ठाण्यातून फोन होता! जागल्याचा नंबर मिळाला!”

सरांनी मांडीवरचं ताट घट्ट धरलं.

“कुणाचाय मेल्याचा?” सुंद्राक्कांनी विचारलं.

“तेच तर! नंबर आपला आहे. मठाचा. आणि कनेक्शन कुणाच्या नावावर? भिकोबा महाराजांच्या! हवालदार विचारतोय, महाराजांनीच महाराजांवर लिहिलंय, तर तक्रार नक्की कुणावर घेऊ?”

पंगत थांबली. सगळे महाराजांकडे बघायला लागले.

“काहीतरी तांत्रिक घोटाळा असणार,” सर घाईघाईनं म्हणाले. “मिटवून टाकू विषय. मोठ्या मनानं.”

महाराजांनी बोटं चाटली.

“कागद म्हणतो मी, तर मीच असेन.”

“महाराज!”

“का? मी लिहू नये?”

सरांना आयुष्यात पहिल्यांदा भिकू लाइनमनच्या पाया पडावंसं वाटलं. माणूस येडा होता, पण उपयोगाचा होता. तीन वाजायला अडीच तास उरले होते. संकट टळलं होतं.

“पोपटशेठ,” महाराज म्हणाले, “वाचा की जरा, मी काय लिहिलंय ते. वय झालं. लक्षात राहत नाही.”

पोपटशेठनी चष्मा चढवला. आधी चाचरत, मग मोठ्यानं वाचलं.

“‘महाराज डोळे मिटून बोलतात. श्रोते डोळे मिटून ऐकतात. जागा आहे तो फक्त कॅमेरा.’”

क्षणभर कुणाला काही कळेना… मग महाराजच हसले. खो-खो हसले. आणि मग बांध फुटला. भोशेकर ताटावर वाकून हसायला लागले. सुंद्राक्कांनी पदर तोंडाला लावला.

सरांच्या अंगावरून मोरपीस फिरलं. पस्तीस वर्षांत त्यांच्या विनोदाला मनापासून कुणी हसलं नव्हतं. वर्गात हसायचे, पण ते छडी बघून.

“अजून वाचा,” सर म्हणाले. न राहवून म्हणाले.

पोपटशेठनी अजून पाचसहा वाचली. प्रत्येकाला हशा. एका भोशेकराला ठसका लागला, त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले.

“महाराज,” डोळे पुसत पोपटशेठ म्हणाले, “स्वतःवर असं लिहायला काळीज लागतं. संतच तुम्ही.”

“कसलं काय.”

“नाही, पण शब्द बघा ना कसे बसवलेत! छापू आपण. तुमच्या नावानं पुस्तिका काढू.”

सरांचं मोरपीस तिथेच थांबलं.

“खरं सांगू?” सुंद्राक्का ताकाचा ओगराळा हातात धरून म्हणाल्या. “शिकलेल्या माणसाला नाही हो असं सुचायचं.”

“हे बाकी खरं,” पोपटशेठ म्हणाले. “आता आपले सर घ्या. राग मानू नका हं सर. पण तुमच्या त्या तक्रारीच्या दुसऱ्या पानावर मला डुलकी लागली.”

पुन्हा हशा.

सरांनी ताटातली मिरची उचलली आणि अख्खी चावली. गप्प बसायचं. अडीच तास. फक्त अडीच तास. मग अध्यक्षाची खुर्ची, हार, दगडी फळ्यावर नाव. मिरची तिखट होती. डोळ्यांतून पाणी आलं.

“एक वाक्य राहिलं,” पोपटशेठ म्हणाले. “सगळ्यात भारी. ‘महाराजांचं प्रवचन म्हणजे तुटलेली टेलिफोन लाइन. खरखर सगळ्यांना ऐकू येते, पलीकडे कोण बोलतंय ते कुणालाच कळत नाही.’”

“वा!” भोशेकर म्हणाले. “लाइनमनच लिहू जाणे!”

महाराजांनी मान तिरकी केली. विचार केल्यासारखं केलं.

“हे मात्र मला नीट जमलेलं नाही.”

“का हो?”

“ते ‘खरखर’ काढून टाका. छापताना साधा ‘आवाज’ करा. बरं दिसेल.”

“आवाज…” पोपटशेठनी पेन काढलं. “‘आवाज सगळ्यांना ऐकू येतो…’ हां, सोपं होतं.”

“आणि टेलिफोनचं एवढं लांबण कशाला? नुसतं ‘प्रवचन समजत नाही’ म्हटलं तरी चालेल.”

पोपटशेठ खोडायला लागले.

सरांचं ताट खाली पडलं. वरण थेट भोशेकरांच्या रांगेत गेलं. सर उभे होते आणि नव्या जाकिटावर उसळ होती.

“हात लावू नका! आवाज? अहो, आवाज घातलात तर वाक्य मेलं! ‘खरखर’साठी चार दिवस घातलेत मी! आणि कॅमेऱ्याच्या वाक्याला आठवडा! एकशे बारा वाक्यं आहेत ती, एकशे बारा! सगळी माझी! खांबावर चढणाऱ्याला कधी सुचली असती का? हा साधं स्वतःचं नाव लिहिताना…”

आणि इथे त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

…

पंगतीत कुणीच जेवत नव्हतं. ओगराळ्यातून ताकाची धार जमिनीवर लागली होती, आणि सुंद्राक्कांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“म्हणजे,” पोपटशेठ सावकाश म्हणाले, “जागल्याही तुम्ही. आणि तक्रारही तुमची.”

“मी… तसं नाही… माझा एक मित्र…”

कुणी हसलंसुद्धा नाही. पोपटशेठनी घड्याळाकडे बघितलं, मग इतर विश्वस्तांकडे. एकेकानं मान हलवली. बैठकीला तीन वाजेपर्यंत थांबायची गरज उरली नव्हती.

सर महाराजांकडे वळले.

“तुम्ही मुद्दाम केलंत. तुम्हाला सकाळीच कळलं होतं.”

महाराज उठले. सरांचं सांडलेलं ताट त्यांनी स्वतः उचललं, बाजूला ठेवलं. जमिनीवरचं वरण फडक्यानं पुसून घेतलं. मग तिथेच उकिडवे बसून त्यांनी वर बघितलं.

“‘खरखर’च बरोबर आहे, सर. वाक्य तुमचं. अध्यक्षपद गेलं.”