पहिला हात

"मग मी कोण, बुवा?"

धर्माजीनं विचारलं. ओहोटी लागली होती, आणि जिवाबुवा किनाऱ्याच्या खडकाळ खडपावर पाय पाण्यात सोडून बसले होते.

झालं होतं ते एवढंच. मठीत सांजेच्या भजनाची पहिली ओळ धर्माजीनं उचलायची, ही कैक वर्षांची रीत. काल बुवांनी ती बाबलला दिली. बाबल कालपरवा आलेला, होड्या ओढणारा गडी, धड टाळ धरता येत नाही त्याला. आता त्यानं म्हणायचं आणि धर्माजीनं मागून झेलायचं.

"आमच्यात पहिला कोण, तेवढं सांगा. तो असेल तर मी मठी सोडतो."

बुवांनी पाण्यातल्या एका दगडाकडं बोट केलं.

"त्या दगडाखाली पाच हातांचं जनावर असतं," ते म्हणाले. "त्याचा पहिला हात कुठला, बघून ये."

धर्माजीनं दगड उलटला. खाली सुपारीएवढं अंग, आणि त्याला सापाच्या शेपटीसारखे पाच लांब हात. डोळे कुठं दिसेनात, पण उजेड पडताच ते निघालं. एक हात पुढं, बाजूचे वल्ही मारल्यागत.

हाच पहिला, धर्माजीला वाटलं. त्यानं आडवं बोट लावलं. जनावर वळलंसुद्धा नाही. दुसराच हात पुढं करून चालू लागलं.

पुन्हा बोट लावलं... आता तिसरा.

धर्माजी चिडला. पुढं होता तो हात त्यानं चिमटीत गच्च धरला. हात तुटून चिमटीतच राहिला. जनावर उरलेल्या हातांनी कपारीत शिरलं, काही गेलंच नाही असं.

जवळच होडी ओढत असलेल्या बाबलनं येऊन दगड होता तसा हलकेच पालथा घातला. धर्माजीला तेही खुपलं.

"मरेल का हो ते?" बाबलनं विचारलं.

नवा हात फुटेल त्याला, सावकाश, असं बुवा म्हणाले.

धर्माजीनं मूठ पुढं केली. तुटका हात तिच्यात अजून वळवळत होता.

"हा घ्या, बुवा. हाच पहिला होता. मी बघितला."

बुवांनी तो निरखून पाहिला... आणि परत त्याच्याच तळहातावर ठेवला.

"बरं झालं, सापडला. आता हा नेईल तिकडं जा."