चिंचेच्या सावलीतले मत

सागाच्या एका रानात, माळाच्या कडेला बीळ करून एक ससा राहत असे. बायको आणि कोवळी पिल्ले असा त्याचा संसार. रानात पाणवठा एकच, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळे प्राणी मते देऊन त्याचा राखणदार निवडत. एकीकडे लांडगा आणि त्याच्या तरसांची टोळी, दुसरीकडे चारा खाणाऱ्यांचा कळप. डोकी मोजली तर कळप केव्हाही जास्त. तरीही बाळांनो, लागोपाठ दोनदा राखणदार झाला तो लांडगाच! आणि लांडगा राखणदार झाला की लहानांच्या वाट्याला उरे तो चिखल. सशाची पिल्ले पहाटे गवतावरचे दव चाटून दिवस काढत.

कळपाचा पुढारी होता एक म्हातारा गवा. हरला तरी त्याचे पाणी काही अडत नसे, कारण गव्याच्या वाटेला जातो कोण? त्यामुळे हरण्याचे दुःख त्याला फार वेळ टिकत नसे. कळपाचा उमेदवार ठरवायला माळावरच्या एकट्या चिंचेखाली बैठक भरे, तीही भर दुपारी. रीत अशी, की चिंचेच्या सावलीत उभा असेल त्यालाच मत. उन्हातल्यांनी नुसते ऐकायचे. आता भर दुपारी सावली ती केवढी! गवे, सांबरे, नीलगाई उभ्या राहिल्या की संपली. ससे, घुशी, खारी बाहेर पाय भाजून घेत. गवा विचारी, "मग, मीच उभा राहू ना?" आणि सावलीतले सगळे माना डोलवत.

यंदा उन्हाळा जवळ आला तसा ससा गव्याकडे गेला. "आजोबा, लहानांना पहिलं पाणी देऊ, असं एकदा उघड बोला ना. बिळंच्या बिळं मत द्यायला बाहेर पडतील."

"छे, छे! असं बोललं की तरस बिथरतात," गवा म्हणाला. "जरा सबुरीनं घेतलं तर ते आपल्याकडे वळतील."

"आजवर एक तरी वळला का?"

"वळला नाही, पण गेल्या खेपेला माझं भाषण ऐकून एकानं मान हलवली होती." तरसाने मान हलवली ती नाकावरची माशी हाकलायला, हे सगळ्या रानाला ठाऊक होते.

ससा तणतणत परतला. त्याचा शेजारी साळिंदर तर ऐकूनच काटे फुलवून उभा राहिला. "गव्यापुढे वाचली गीता! चल, आपण वेगळी चूल मांडू. नाहीतर सरळ बिळात बसू. होऊ दे पुन्हा लांडगा, मग मोडेल यांची खोड."

"यांचं काय बिघडणार आहे?" ससा म्हणाला. "गवा पाणी पिणारच. तुझ्या अंगावर काटे आहेत, तूही पिशील. माझ्या पोरांच्या अंगावर नुसती लव आहे रे!"

साळिंदराने काटे मिटले. दोघे सशाच्या बिळाशी बसले. ऊन उतरले आणि सशाच्या पाठीला एकाएकी गार लागले. पाहतो तर चिंचेची सावली लांबत लांबत माळ ओलांडून थेट त्याच्या बिळाशी आलेली! ससा टुणकन उठला आणि गव्याकडे धावला.

"आजोबा, भर दुपारी बैठक म्हणजे तुमच्या झोपेचं खोबरं. संध्याकाळी घेतली तर?"

"ऐकलंत? याला म्हणतात थोरांची काळजी!" गवा खूश होऊन सांबरांना म्हणाला, आणि बैठक संध्याकाळी ठरली.

त्या संध्याकाळी गव्याने नेहमीप्रमाणे विचारले, "मग, मीच उभा राहू ना?"

"नाही! ससा उभा राहील!" साळिंदर ओरडला.

"उन्हातल्यांना मत नसतं," एक सांबर फुरफुरले.

"ऊन आहे कुठे?" ससा नम्रपणे म्हणाला.

सगळ्यांनी खाली पाहिले. घुशी, खारी, ससे, झाडून सगळे सावलीत उभे होते. रीत थोरांनीच घातलेली, मोडणार कोण? मते पडली आणि ससा कळपाचा उमेदवार झाला. गवा शेपटी झटकत निघून गेला. "संपलं सगळं, आता तरस आपल्याला हसतील," असे म्हणत सांबरेही गेली.

निवडणुकीच्या सकाळी लांडगा पाणवठ्याच्या वाटेवर दात विचकून बसला. बिळांतून बाहेर आलेली डोकी पटापट आत गेली. आता आपली पिल्ले तहानेने मरणार, असेच सशाला वाटले. इतक्यात जड पावले वाजली. म्हातारा गवा येऊन लांडग्यासमोर शिंगे रोखून उभा राहिला.

"हरायची मला सवय आहे," तो डुरकला. "पण माझ्या कळपाचं मत वाटेत अडवलेलं मी खपवून घेणार नाही. हो बाजूला!"

लांडगा शेपूट घालून बाजूला झाला. मग काय, बिळेच्या बिळे बाहेर पडली! ज्यांनी जन्मात मत दिले नव्हते, ते उंदीरसुद्धा रांगेत आले. एकही तरस वळला नाही, तरी ससा निवडून आला.

गव्याने मोठा सुस्कारा सोडला. "हुश्श! खरं सांगू का रे पोरा? दरवर्षी उभं राहून राहून माझे पायच दुखायला लागले होते."

दुसऱ्या पहाटे सशाची पिल्ले पाणवठ्यावर पहिली होती. मागे गवा आपली पाळी येईपर्यंत शांतपणे रवंथ करत उभा होता. पोटे टम्म फुगेपर्यंत पिल्ले प्यायली, आणि ससा त्यांच्याकडे बघतच राहिला. शेवटी बायको हसून म्हणाली, "अहो, राखणदार! तुम्हीही प्या की आता." तेव्हा कुठे तो पाण्यावर वाकला.

तात्पर्य : आपल्याच घरात आपल्याला जागा मिळेना, तर रुसून घर सोडू नये; सगळे मावतील एवढी जागा करून घ्यावी.