हंडीतली खरवड

एकदा काय झालं, एका राणीला डोंगरातली सून आली. नाव सगुणी. लाकूडतोड्याची लेक, बरं का! राजपुत्राने रानात पाहिली आणि हट्ट धरून आणली. येताना आईने तिला एक मातीची हंडी दिली, एवढंच.

राणीला सून फार आवडली. राणीच्या माहेरी मायेची रीत एकच, गोड बोलायचं. म्हणून ती उठता-बसता सगुणीला म्हणे, माझी सोनसाखळी, माझी मोत्याची माळ. आणि सगुणी? ती आपली अंग चोरून बसे. डोंगरात गोड बोलतात ते पाहुण्याशी. घरच्याला दटावतात! तिला वाटे, आपण अजून पाहुणेच. ए बाळ्या, पाय घे पांघरुणात, मग सांगते पुढे.

मग एक दिवस सगुणीने हंडीत भात शिजवला. तळाची खरपूस खरवड काढली आणि राणीच्या ताटात वाढली. राजवाड्यात खरवड कुत्र्याला घालतात ना! राणीने गुपचूप कुत्र्याला घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खरवड. राणीचं तोंड उतरलं. तिसऱ्या दिवशी पंगतीला गावोगावच्या राण्या. सगुणीने सगळ्यांना मऊ भात वाढला आणि सासूला खरवड! मग काय विचारता. राणीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिला डोक्यावर घेतलं आणि ही मला कुत्र्याचं खाणं वाढते, म्हणाली. पाठवा हिला माहेरी.

सगुणी मुकाट्याने हंडी उचलायला गेली, तर हंडी हलेना. गडी आले, पहिलवान आले, शेवटी हत्ती आणला. हंडी जागची हलेना. आणि मग काय, हंडी बोललीच की!

"आधी तिला विचारा. मग मी उठेन."

राणी कधी नव्हे ती चुलीपाशी जमिनीवर बसली. म्हणाली, "खरवडच का गं वाढलीस मला?"

"आमच्याकडे खरवड निघते एवढीशी, सासूबाई. ज्याच्यावर जीव, त्याच्याच ताटात जाते. आई मला वाढायची."

राणीला कुत्र्याला घातलेली खरवड आठवली आणि रडूच कोसळलं. मग सगुणीनेही सांगून टाकलं, तुम्ही गोड बोललात की मला परकं वाटतं.

आता राणीला कुठलं येतंय रागवायला! रात्रभर तिने घोकलं. सकाळी सगुणी ओल्या केसांनी बाहेर निघाली, तशी राणीने घसा खाकरला.

"अगं भवाने, केस पूस आधी! पडसं झालं म्हणजे?"

सगुणी हसता हसता सासूच्या कुशीतच शिरली. हंडी हलकी झाली, पण आता ती नेणार कोण? राहिली तिथेच, चुलीवर. सासू-सून पोटभर भात खाऊन सुखाने राहिल्या.

आणि तुम्ही अजून जागेच? मिटा डोळे मेल्यांनो, नाहीतर एकेकाला धपाटा घालीन.