फक्कीची रेघ

"पण सर, त्यांनी सगळ्याला हो म्हटलंय. मग अडचण कुठे आहे?"

"मला काय माहीत? अडचण घेऊन तू आलीयस."

ऋजुता सबनीसने हातातली गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, परत उचलली.

वसईतली दुपार होती. इग्नेशियस तुस्कानो सर वाडीतल्या घराच्या ओट्यावर बसून पपईची रोपं पिशव्यांमधून कुंड्यांत लावत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बागा आखल्या. मग मुंबईचं ऑफिस बंद करून वडिलांच्या वाडीत येऊन राहिले. ऋजुता त्यांच्या हाताखाली शिकली होती. ठाण्यात स्वतःचं ऑफिस काढलं तेव्हा निरोप घेताना ती म्हणाली होती, "आता विचारायला यायची वेळ येऊ देणार नाही, सर."

ती वेळ तिने खरंच येऊ दिली नव्हती. पुरस्कार मिळाला तेव्हा पेढे घेऊन आली होती, तेवढंच.

आज ती फोन न करता आली होती.

"उद्या सकाळी जेसीबी येतोय," ती म्हणाली. "आणि मला चैन पडत नाहीये."

"काम काय आहे?"

तिने सांगितलं. मनोर-वाडा रस्त्याला लागून राऊतांचा बंगला. कमलाकर राऊत बँकेतून निवृत्त झालेले. बायको गेली, आता एकटेच असतात. मुलगा तुषार मस्कतला. काम त्यानेच दिलं, फीही तोच देतो. पहिल्याच फोनवर तो म्हणाला होता, "बाबांना शांतता हवी, मॅडम. रस्त्याची धूळ, आवाज, येणारीजाणारी माणसं, काही दिसायला नको."

तिने तशी बाग आखली. रस्त्याच्या बाजूला उंच दगडी भिंत. भिंतीआड बांबूची दाट रांग. मध्ये पाण्याचा संथ हौद आणि त्याच्या काठाला एकच बाक.

"ऑफिसमध्ये सगळे म्हणाले, आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं काम. तुषार खूश आहे. हे झालं की त्यांच्या कंपनीच्या नव्या इमारतीचं कामही आपल्यालाच."

"आणि वडील?"

"वडील म्हणाले, छान आहे."

सरांनी एका रोपाभोवतीची माती अंगठ्याने दाबली.

"दाखव."

तिने नकाशा टेबलावर पसरला. सरांचं लक्ष कुंडीत होतं.

"छान आहे," सर म्हणाले.

तिने दुसरा नकाशा काढला. यात हौद नव्हता, नुसती हिरवळ होती. आधीचा पर्याय, रद्द केलेला.

"छान आहे."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तोच कागद उलटा करून ठेवला.

"छान."

"सर, तुम्ही बघतसुद्धा नाही आहात."

"हो."

ती ओट्यावरून खाली उतरली. केळीच्या रांगेपर्यंत गेली, परत आली.

"ते असंच करतात," ती हळू आवाजात म्हणाली. "दरवेळी. चष्मासुद्धा लावत नाहीत. मी दगडाचे तीन नमुने नेले होते, तिन्हीला छान म्हणाले."

"तेव्हा तुला काय वाटलं?"

"बरं वाटलं. काम पटापट पुढे जात होतं."

सरांनी भरलेली कुंडी बाजूला सरकवली.

"मग आता काय करू?"

"आज जा तिथे. नकाशा नेऊ नकोस."

"नुसतीच जाऊ? जाऊन काय विचारू?"

सरांनी पुढचं रोप हातात घेतलं होतं.

ऋजुता गेली. वाटेत दोनदा तिला गाडी वळवावीशी वाटली. कंत्राटदाराचा फोन आला, तो तिने घेतला नाही.

बंगल्याला कुलूप होतं. पुढच्या मोकळ्या जागेत तिच्याच माणसांनी चुन्याची फक्की टाकून ठेवलेली, भिंत कुठून कुठे जाणार त्याची पांढरी रेघ. ती रेघ ओलांडून आत गेली, बाहेर आली. शेजारच्या घरासमोर एक बाई वाळवण उचलत होत्या. त्यांनी न विचारताच रस्त्याकडे बोट केलं.

"थांब्यावर बघा. ते तिथेच असतात."

एसटीच्या थांब्यावर पत्र्याच्या सावलीत चारपाच माणसं बसली होती. त्यांत कमलाकर राऊत होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. तिला पाहून ते गडबडले.

"मॅडम, तुम्ही? आज येणार होतात का?"

"नाही, काका. सहज आले. तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे नाही."

ते सरकले. ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली. एक गाडी आली, दोन बायका चढल्या, एक माणूस उतरला. उतरलेल्याने जाता जाता विचारलं, "काय राऊतसाहेब, बरंय ना?" राऊतांनी हात वर केला.

"रोज येता?"

"जेवण झालं की येतो. ऊन उतरलं की परत जातो." त्यांनी घड्याळात पाहिलं. "इथे बसलं की माणसं विचारतात, वाड्याची गाडी गेली का? घरात मला कोणी काही विचारत नाही."

ऋजुता समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. इथून बंगला दिसत होता. एकदा भिंत उभी राहिली की बंगल्यातून हा थांबा दिसणार नव्हता.

"काका, तुम्हाला ती भिंत नकोय."

"छान आहे की भिंत."

"काका…"

त्यांनी बुटावरची धूळ रुमालाने पुसली. मग म्हणाले, "तुषारची आई गेली तेव्हा त्याला यायला दोन दिवस लागले. त्याचं त्याला लागून राहिलंय. माझ्यासाठी त्याला काहीतरी करायचंय. लांबून आणखी काय करणार तो? मी त्यालाही नको म्हणू?"

"पण राहायचं तुम्हाला आहे."

"राहीन की. सवय होते." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "त्याला यातलं काही सांगू नका. एवढं करा माझ्यासाठी."

एका म्हातारीने विचारलं, मनोरची गाडी इथेच लागते ना. राऊत उठून उभे राहिले आणि तिला नीट समजावून सांगू लागले.

गाडीत बसल्यावर ऋजुताने कंत्राटदाराला फोन लावला. जेसीबी दोन दिवसांनी आणा म्हणाली. तो चिडला, दुसऱ्याचं काम सोडून तुमच्यासाठी मशीन राखून ठेवलंय, म्हणाला. ती म्हणाली, त्याचं भाडं मी भरते. घरी जाऊन ती जेवली नाही. तुषारला लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वसईला आली. या वेळी बसलीही नाही.

"मुलाला सांगितलं तर वडिलांचा विश्वास मोडते. नाही सांगितलं तर एका माणसाला भिंतीआड बसवून त्याची फी घेते. माझा क्लायंट तुषार आहे, सर. कायद्याने, कराराने, सगळ्याने तोच आहे. पण ती जागा त्याची नाही. मी कोणाचं ऐकू?"

सर पाण्याची झारी भरत होते.

"काम सोडून देऊ?"

झारी भरून वाहू लागली. सरांनी नळ बंद केला.

"सोडलंस तर दुसरा कोणी भिंत बांधेल."

"मग?"

"ऋजुता, ते दोघं एकमेकांशी कोणामार्फत बोलतात?"

तुषार तिला सांगायचा, बाबांना हे दाखवा. वडील तिला सांगायचे, त्याला कळवा, छान आहे.

"माझ्यामार्फत," ती म्हणाली.

"बाजूला हो."

सर झारी घेऊन वाफ्यांकडे गेले. ती उभ्या जागीच राहिली. मग वाडीच्या फाटकाबाहेर येऊन तिने तुषारला फोन लावला.

"खोदकाम मी थांबवलंय," ती म्हणाली. "जमिनीवर आखणी केलेली आहे. तुम्ही आणि काकांनी तिथे एकत्र उभं राहून ती बघायची. त्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

"मॅडम, मला यायला लागू नये म्हणून तर तुम्हाला नेमलंय."

"माहितीये मला."

"बाबा काही म्हणाले का?"

"ते तुम्ही त्यांना विचारा."

मग तुषार बोलला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच धार होती. दुसरं कोणी बघावं लागेल मला. ती म्हणाली, तो तुमचा हक्क आहे. नवीन माणसाला माझे सगळे नकाशे देईन.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. कंत्राटदाराने मशीन दुसऱ्या कामावर लावलं. ऑफिसातली दोघं तिला काही विचारत नव्हती, पण ती आत आली की बोलणं थांबवत. कंपनीच्या इमारतीचं काम दुसऱ्याला गेल्याचं कानावर आलं. ती रात्रंदिवस फोन जवळ ठेवायची आणि वाजला की दचकायची. दोनदा तिने तुषारचा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला.

आणि एका सकाळी त्याचाच मेसेज आला. बाबांना विचारलं, छान आहे एवढंच म्हणतात. सुट्टी घेऊन आलोय, उद्या साइटवर या.

प्रत्यक्षात तो राकट बांध्याचा, थकलेल्या चेहऱ्याचा माणूस निघाला. तिच्याशी कामापुरतं बोलला. राऊत इस्त्रीच्या शर्टात ओसरीत उभे होते आणि सारखे हात चोळत होते. मधल्या दिवसांत रेघ पुसट झाली होती, म्हणून ऋजुताने सकाळी लवकर येऊन ताजी फक्की टाकून घेतली होती.

"ही भिंत," तुषार म्हणाला. "केवढी उंच?"

ऋजुताने तोंड उघडलं. सगळं तिच्या जिभेवर होतं: उंची, दगड, बांबू, थांबा, म्हातारी, सगळं. राऊत तिच्याकडे बघत होते, बहुतेक विनवत होते.

ती म्हणाली, "काका दाखवतील."

आणि ती चालत फाटकाबाहेर गेली. रस्त्याच्या कडेला, आपल्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

दोघं रेघेच्या आत उभे होते. राऊतांनी हात डोक्याच्या वर नेऊन उंची दाखवली. तुषार काहीतरी बोलला. राऊत खाली बघू लागले. दोन ट्रक गेले, त्यांच्या धुळीत दोघं दिसेनासे झाले. धूळ बसली तेव्हा तुषार वडिलांसमोर उकिडवा बसला होता, तोंडावर हात घेऊन, आणि राऊतांचा हात त्याच्या डोक्यावर होता.

मग ते दोघे तिच्या समोरून गेले आणि थांब्याच्या दिशेने चालू लागले. तिला कोणी हाक मारली नाही.

ती उन्हात उभी राहिली. गाडीत बसली, उतरली, परत बसली. गाड्या आल्या, गेल्या. ऊन उतरायला लागलं तेव्हा तुषार एकटा परत आला.

"भिंत नको," तो म्हणाला. "बाकीचं बाबा आणि मी बघू. काही हवं असलं तर ते तुम्हाला सांगतील." त्याने थांब्याकडे पाहिलं. "मी महिनाभर राहतोय."

तो आणखी काही बोलेल असं तिला वाटलं. तो मान हलवून गेला.

ती तशीच वसईला आली. सर ओट्यावर होते. दिवेलागण झाली होती, आत कोणीतरी भांडी लावत होतं. तिने सगळं सांगितलं. सांगताना ती मध्येच हसली, मध्येच तिचा आवाज फुटला.

"मोठं काम गेलं, सर. हेही गेल्यातच जमा आहे. बाग झालीच तर दारापुढे चार झाडं होतील."

सर कुंडीतली माती सारखी करत होते.

"आणि मी काय केलं तिथे? इतकं शिकले, इतकं राबले त्या नकाशावर… दगड नाही बसवला, झाड नाही लावलं. नुसती बाहेर उभी राहिले."

तिने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"वाटेत तुषारचा मेसेज आला, शेवटचं बिल पाठवा म्हणून. मी कशाचं बिल लावू?"

सरांनी हाताची माती झटकली.

"पूर्ण लाव."