धावबंदीचा रविवार

एका जंगलात, तळ्याकाठच्या गवतात एक कासवी राहत असे. तिला अंडी घालायला मऊ वाळू हवी होती. ती वाळू होती नदीकाठी, आणि तळे व नदी यांच्यामधून जात होती जंगलाची मोठी वाट. त्या वाटेवर गवे, सांबरे, रानडुकरे दिवसभर सुसाट धावत. गेल्या वर्षी बिचारी अर्ध्यातूनच परतली. अंडी तळ्याच्या चिखलात घातली आणि ती सगळी कुजली. तिचे दुःख ऐकून जंगलाच्या सभेने ठरवले, दर रविवारी मोठ्या वाटेवर कुणी धावायचे नाही, सगळ्यांनी चालायचे. हसू नका मुलांनो, जनावरांनाही रविवार असतो!

राखणीला बसवले वानराला. वानर मनाने भला, पण फार भिडस्त. पहिल्याच रविवारी सकाळी कोल्हा आला. "मामा, मावशीकडे लग्न आहे, आजच्या दिवस धावू द्या." वानराने सोडले. मग डुक्कर आले, सांबर आले. प्रत्येकाचे काम तातडीचे! भीड भिकेची बहीण, दुसरे काय? कासवी वाटेच्या कडेला मान आत ओढून बसली होती. "दादा, मी कधी जाऊ?"

"थांब थोडी, एवढा एकच जाऊ दे," वानर दर वेळी म्हणे. दुपार झाली. अंडी आता थांबणार नव्हती. शेवटी ती जीव मुठीत धरून निघालीच.

तेवढ्यात एक तगडा गवा वानरापाशी आला. "बांबूचे कोवळे कोंब फुटलेत. चालत गेलो तर मला काय उरणार?"

"जा बाबा, पण तू शेवटचा हं!"

गवा उधळला. वळणावर त्याला समोर कासवी दिसली, आणि तिला आपल्या अंगाचा आडोसा देत लंगडत चाललेली त्याची स्वतःची म्हातारी आई! चारही पाय रोवून तो कसाबसा थांबला, अगदी वीतभर अंतरावर. "आई! तू वाटेवर कशाला आलीस?"

"आज कुणी धावत नाही ना रे?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "म्हणून तर दोन वर्षांनी नदीचं पाणी प्यायला निघाले."

गव्याची मान खाली गेली. तो वाटेत आडवा उभा राहिला आणि धावत येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाला, "आज चालायचं." संध्याकाळच्या आत कासवी वाळूत पोचली.

तात्पर्य : नियमातून स्वतःपुरती सूट मागताना, त्या नियमाच्या भरवशावर कोण घराबाहेर पडले आहे ते आधी पाहावे.