शेवटची मेंढी

त्या मुलखात मेंढ्या फार होत्या आणि काटे त्याहून फार. काटा खुरात रुतायचा, खूर सुजायचा, पू धरायचा, आणि वेळेत निघाला नाही तर खाली बसलेली मेंढी पुन्हा उठायची नाही. मुलखाच्या मधोमध एक टेकडी होती आणि तिच्या माथ्यावर एक करकोचा राहत असे. त्याची चोच लांब आणि हलकी होती. कितीही खोल गेलेला काटा तो एका झटक्यात उपसून काढी. मोबदला म्हणून मेंढीच्या अंगावरचा लोकरीचा एक पुंजका घेई आणि घरट्यात अंथरी. मेंढी आपल्या पायांनी घरी जाई. आताच्या मेंढ्यांना हे सांगितलं तर त्या हसतात.

मग टेकडीच्या पायथ्याला कोल्हा राहायला आला. कोल्हा काकडीला राजी, ही म्हण ज्याने केली त्याला हा कोल्हा भेटलेला नसावा. याला नऊ मुली होत्या, म्हणजे नऊ जावई होते, आणि नवांपैकी एकालाही शिकार जमत नव्हती. कोल्हा वाईट असं काहीच बोलला नाही. त्याने मेंढ्यांची सभा भरवली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आयाबायांनो, दुखणं घेऊन आलेल्या जिवाकडून लोकर मागायची, हे माझ्याच्याने बघवत नाही. आजपासून काटा निघणारीने काही द्यायचं नाही. तुम्ही फक्त ओळीत उभं राहा. सगळ्यांची लोकर ओळीतली शेवटची मेंढी देईल."

प्रत्येक मेंढीने मान वळवून मागे पाहिलं. प्रत्येकीच्या मागे एक मेंढी होती. तेवढ्याने सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्यानंतर मागे वळून पाहण्याचं कुणालाच काही कारण उरलं नाही.

तशीही मेंढ्यांना मागे पाहायची सवय नसते. पुढचीच्या शेपटीवर नजर ठेवून चालायचं, ती थांबली की थांबायचं, ती वळली की वळायचं, यालाच त्या मुलखात चांगलं वळण म्हणत. ओळ टेकडीच्या पायथ्याने निघाली होती. माथ्याकडे जाणाऱ्या खिंडीत एक मुंगूस बसे आणि एकेकीला आत सोडी. शेवटची मेंढी कुणी पाहिलेली नव्हती, पण तिच्याविषयी सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ती म्हणे गवताच्या गंजीएवढी मोठी होती. तिची लोकर जमिनीवर लोळत असे, आणि कितीही काढली तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच उगवत असे. तिला काय कमी आहे, असं मेंढ्या म्हणत आणि तिच्या नावाने खुशाल रवंथ करत.

देणारी दुसरीच असल्यावर भाव कोण विचारणार? काटा एका पायात असला तरी मुंगूस चारही पाय तपासायचा. मेंढ्या म्हणायच्या, "तपासा की, शेवटचीच देणार आहे." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाचं काय जातं! एक जावई काटा खरोखर काटाच आहे का ते बघे. दुसरा, पहिल्याने नीट बघितलं का ते बघे. तिसरा उन्हात सावली धरून उभा राही, आणि पावसाळ्यातही उभा राही. करकोच्याला पूर्वीसारखा एकच पुंजका मिळे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. एकदा करकोचा वरून म्हणाला होता, "अरे, मला एवढासाच लागतो. बाकीची लोकर जाते कुठे?" त्यावर कोल्ह्याने हात जोडले. "महाराज, आपण चोच सांभाळा," तो म्हणाला. करकोच्याने तेव्हापासून चोचच सांभाळली.

या ओळीत चांदरी नावाची एक मेंढी होती. तिच्या कपाळावर पांढरा चांद होता. ती इतरांहून शहाणी होती असं म्हणायचं कारण नाही. मागल्या खेपेला तिनेही एका काट्यासाठी चार पाय तपासून घेतले होते, वर "शिंगं बघायची राहिली" म्हणून कुरकुर केली होती. तिला शिंगं नव्हती.

या खेपेला मात्र काटा तिच्या पायात नव्हता, ठिपकीच्या पायात होता. ठिपकी तिचं पहिलं जगलेलं कोकरू. मागचा डावा पाय सुजून दुप्पट झाला होता, अंग तापाने फणफणलं होतं, आणि तीन दिवसांत तिने दुधाला तोंड लावलं नव्हतं. खिंडीपर्यंत पोचायला त्यांना तेच तीन दिवस लागले. पुढे कानफाटी नावाची मेंढी होती, मग ठिपकी, मग चांदरी, आणि चांदरीच्या मागे भुंडी. सकाळी कानफाटी आत गेली आणि घटकाभरात बरी होऊन टेकडीच्या वळणाने दिसेनाशी झाली. आता ठिपकीची पाळी होती.

मुंगसाने पंजा आडवा धरला. "थांबा. शेवटचीची लोकर संपली आहे. नवी येईपर्यंत काटा निघायचा नाही."

"किती वेळ लागंल?" चांदरीने विचारलं.

"ते आम्हाला कसं ठाऊक असणार? शेवटची लांब असते."

"लेकरू तोवर टिकायचं नाही, दादा. माझी घ्या लोकर. एकच पुंजका लागतो म्हणत्यात करकोच्याला."

मुंगूस मनापासून दुखावला. "दुखणाईताच्या आईकडून घ्यायचं? आम्ही काय कसाई आहोत?" तो म्हणाला. मग चांदरीच्या मागच्या अंगाकडे त्याने जरा निरखून पाहिलं आणि हसू आवरलं. "शिवाय बाई, तुमच्याकडे द्यायला आहे तरी काय?"

तो काय म्हणतो ते चांदरीला कळलं नाही. तिला एवढंच कळलं की कुठेतरी एक गंजीएवढी मेंढी वेळेवर लोकर देत नाही आणि त्यामुळे आपलं पोर मरणार आहे. तिला भयंकर संताप आला. आपणच जाऊन तिला गाठायचं, पाया पडून मागायची, नाही दिली तर ओरबाडून आणायची, असं तिने ठरवलं. तिने ठिपकीला सांगितलं, "पुढंच बघत उभी राहा. काही झालं तरी मागं वळू नको. मी आलेच."

मेंढीने ओळीतून बाहेर पडून उलटं चालायचं, असं त्या मुलखात कधी घडलं नव्हतं. भुंडी तर घाबरलीच. "अगं, तू गेलीस तर मी कुणाकडं बघू?" असं म्हणत तिने दोन पावलं मागे घेतली, म्हणून तिच्या मागचीने चार घेतली, आणि ओळीत चांगलं अंगणभर भगदाड पडलं. चांदरीने तिकडे लक्ष दिलं नाही.

ती ओळीच्या कडेकडेने उलट्या दिशेला पळत सुटली. एवढ्या वर्षांत तिला मेंढ्यांची तोंडं अशी समोरून दिसलीच नव्हती. सगळ्यांचे डोळे पुढचीच्या शेपटीवर खिळलेले. ती विचारी, "शेवटची कुठं आहे?" उत्तर ठरलेलं असे, "मागं आहे." कुणी म्हणे, "कुठं चाललीस गं उलटी? लाज नाही वाटत?" कुणी तिला शिंगाने ढोसलं. एकीने तर ती आपली जागा बळकवायला आली आहे असं समजून तिचा कानच धरला. पाय दुखणाऱ्यांच्या ओळीत माया असेल असं ज्याला वाटतं त्याने एकदा त्या ओळीत उभं राहून बघावं.

पुढे बाभळी लागल्या. ओळीची वाट नेमकी त्यांच्या खालून जात होती आणि वाटेवर काट्यांचा सडा पडला होता. बाभळी तोडायच्या नाहीत असा कोल्ह्याचा हुकूम होता, कारण जावयांना दुपारची सावली लागे. काही जावई त्या सावलीत पडले होते. बाकीचे धुरळ्यातून वाकून मेंढ्यांच्या मागे मागे चालत होते, आणि दातांनी हळूच, चिमूट चिमूट, प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावरची लोकर कातरत होते. मेंढीला एवढंच वाटे की आज मागून वारा गार आहे.

चांदरी थांबली. तिने आता प्रत्येकीकडे समोरून पाहिलं आणि मागूनही पाहिलं. पुढून भरलेल्या दिसणाऱ्या सगळ्या मेंढ्या मागून बोडक्या होत्या. तिला आठवलं, पुढे चालणाऱ्या कानफाटीचं बोडकं पुठ्ठं बघून आपणच नाक मुरडलं होतं, केवढी गबाळी बाई आहे म्हणून. मग तिने मान वळवून आपल्या पाठीकडे पाहिलं. तिथे नुसती गुलाबी कातडी होती आणि दातांचे व्रण होते.

"अगं बायांनो, तुमची लोकर चाललीय!" ती ओरडली.

बाभळीखालच्या एका म्हाताऱ्या मेंढीने शेपटीवरची नजर न हलवता सांगितलं, "माझी नाही. पुढचीची चाललीय, ती मला दिसतीय की. बिचारीला कळत नाही." आणि तिच्या मागची म्हणाली, "म्हातारीला कळत नाही."

आता चांदरीने खरा विचार करायला हवा होता. पण मेंढी शेवटी मेंढीच. तिला वाटलं, शेवटचीची लोकर रोज कशी उगवते ते आज कळलं! ती सगळ्यांची चोरून आपल्या अंगावर घालते आणि वर दानशूर म्हणवते. हे कोल्हे तिचेच चाकर असणार. जावयांपैकी एक तिच्याकडे बघून दात विचकून हसला, पण चांदरी त्याच्याशी भांडायला थांबली नाही. तिचं भांडण शेवटचीशी होतं. चोरटी, हावरी, गंजीएवढी रांड, असं तोंडाला येईल ते बोलत ती पळत राहिली.

दुपार कलली. तिच्या स्वतःच्या खुरात दोन काटे रुतले होते. ओळ संपत नव्हती. वाट सारखी डाव्या हाताला वळत होती आणि टेकडी काही मागे पडत नव्हती. अशाच एका वळणावर समोरून एक ओळखीची मेंढी लंगडत आली. कान फाटलेला. सकाळी बरी होऊन गेलेली ती कानफाटीच होती.

"तू इथं कशी? तू तर घरी गेलीस ना?" चांदरीने विचारलं.

"निघाले होते. खिंडीपलीकडंही बाभळी लागल्या. नवा काटा गेला बघ, म्हणून पुन्हा ओळीत आहे. पण तुला सांगते, सकाळचा छान काढला. एक पैसुद्धा पडली नाही."

चांदरीने विचारलं, "आणि शेवटची कुठं आहे?"

"मागं आहे," कानफाटी म्हणाली आणि पुढचीच्या शेपटीमागे निघून गेली.

कानफाटीच्या मागे काही अंतर मोकळं होतं. मग खिंड होती. खिंडीत मुंगूस बसला होता आणि कधी नव्हे तो उठून उभा राहून जावयांशी गंभीरपणे काही बोलत होता. कोल्हाही आला होता. सगळे एकाच जागी बघत होते.

तिथे एक इवलंसं जनावर उभं होतं. त्याच्या अंगावर लोकरीचा एक धागाही नव्हता. मानेपासून शेपटीपर्यंत सोललेल्या कांद्यासारखं उघडं, आणि जिथे लोकर पुरली नव्हती तिथे कातडीही खरवडलेली. मागच्या डाव्या पायाची सूज मात्र उतरली होती. त्यावर हिरव्या पाल्याची पट्टी फार नीट, फार प्रेमाने बांधलेली होती. त्या जनावराच्या मागे अंगणभर जागा रिकामी होती आणि तिच्या पलीकडे भुंडी, बघायला शेपूट नाही म्हणून डोळे मिटून उभी होती.

ठिपकीने मागे वळून पाहिलं नाही. आईने तसं सांगितलं होतं. नुसत्या वासावरून तिने ओळखलं.

"आई," ती थरथरत म्हणाली, "काटा निघाला गं. तू गेलीस आणि लगेच निघाला. कोल्होबा म्हणाले, इतक्या वर्षांनी शेवटची मेंढी सापडली." मग तिने विचारलं, "तुला भेटली का गं ती? कशी आहे?"

जावई ओठ चाटत अजून तिथेच उभे होते, कारण एका कोकराची लोकर ती किती असणार. चांदरी त्यांच्या मधून वाट काढत गेली. ठिपकीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि लेकराच्या शेपटीवर तिने नजर ठेवली.

तिचं शेपूट दिसताच पलीकडे भुंडीने डोळे उघडले, हायसं वाटून सुस्कारा सोडला आणि लगबगीने तिच्या मागे येऊन उभी राहिली.